सुभेदाराचा मुलगा आणि मसूरचं स्टेशन: आपल्याला कमी लेखणाऱ्या राज्यासाठी माणूस का लढतो?

डिसेंबर संपत आला की पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक वळवल्याच्या बातम्या येऊ लागतात. १ जानेवारीला पेरणे फाट्याजवळच्या स्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येणार असतात. त्याच सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच वाद नव्याने पेटतो. एक काका लिहितात, "इंग्रजांच्या विजयाचा कसला सोहळा?" पलीकडून भाचा उत्तर देतो, "आधी पेशवाईत आपण कोणत्या बाजूला होतो ते सांगा." मग कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं आणि विषय पुढच्या डिसेंबरपर्यंत झाकला जातो.

वाद झाकला तरी त्याच्या पोटातला प्रश्न खरा आहे. जे राज्य आपल्याला बरोबरीचं मानत नाही, त्याच्यासाठी माणूस जीव का धोक्यात घालतो? भीतीपोटी? पैशासाठी? निष्ठा म्हणून? की त्याच्या मनात काही वेगळाच हिशोब असतो? भीमा कोरेगाव हे याचं आपल्या अंगणातलं उदाहरण. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

## आधी लढाई, थोडक्यात

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे साधारण ५०० पायदळ शिपाई, तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा ओढणारे मद्रासचे गोरे गोलंदाज, अशी सगळी मिळून ८०० च्या वर माणसं. रात्रभर चालून सकाळी ती भीमेकाठी पोचली, तर समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. ती २८ हजारांची होती असं सांगतात. प्रत्यक्ष गावावर चालून आले ते त्यातले सुमारे दोन हजार, आणि त्यात अरब, गोसावी, मराठे असे सगळे होते.

लढाई गावाच्या गल्ल्यांमधून, घरांच्या भिंतींआडून दिवसभर चालली. कंपनीच्या शिपायांना नदीपर्यंत पोचता येईना. रात्रभर चालून आलेली माणसं दिवसभर अन्नपाण्याविना लढली. ही तहान लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली, कारण जनरल स्मिथची मोठी फौज मागून येत होती. स्टाँटनही पुण्याकडे न जाता शिरूरला परतला. कंपनीचे मारले गेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ च्या घरात होते.

तेव्हा रणांगणापुरतं पाहिलं तर हा काही दणदणीत विजय नव्हता. पण कंपनीला तो तसा मांडायचा होता. १८२१ मध्ये तिने तिथे स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर ठार झालेल्या ४९ जणांची नावं आहेत आणि त्यातल्या २२ नावांना 'नाक' हा प्रत्यय आहे. रामनाक, रायनाक, सोमनाक. हा प्रत्यय महार असल्याची खूण. बाकीच्या नावांत मराठे, मुसलमान आणि इतरही आहेत. ही पलटण एका जातीची नव्हती. पण एरवी ज्या माणसाचं नाव गावच्या दप्तरात वेठ कोणी करायची एवढ्यापुरतंच यायचं, त्याचं नाव बापाच्या नावासकट दगडावर कोरलं गेलं, हे त्या काळात साधं नव्हतं.

या लढाईची पट्टी असलेलं पदक मंजूर झालं १८५१ मध्ये, तेही तोवर जे जिवंत होते त्यांच्यासाठीच. तेहतीस वर्षांनी किती जण ते घ्यायला उरले असतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

## पण हा देशद्रोह नव्हता का?

हा काकांचा प्रश्न, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

देशद्रोह म्हणायचं तर आधी देश हवा. १८१८ मध्ये 'भारत' नावाचं राज्य नव्हतं आणि नागरिक नावाची गोष्टही नव्हती. होते ते धनी आणि चाकर. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे केले ते द बॉइन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाने. पेशव्यांच्या पदरी पगारी अरब होते. कंपनीच्या पलटणीत मराठे होते, राजपूत होते, उत्तरेकडचे ब्राह्मण होते, कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे ज्यू होते. शिपाईगिरी हा पेशा होता. ज्याच्याकडून पगार वेळेवर मिळेल त्याची चाकरी. मग द्रोहाचा शिक्का त्या ५०० जणांतल्या नेमक्या एकाच जातीवर का मारायचा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसरी बाजूही सरळ सांगायला हवी. ती माणसं 'पेशवाई संपवायची' अशी शपथ घेऊन शिरूरहून निघाली होती, असा पुरावा नाही. हुकूम आला आणि ती निघाली. दुसऱ्या दिवशी काय वाढून ठेवलंय याची स्टाँटनलाही कल्पना नव्हती. त्या लढाईला जातिअंताच्या लढ्याचा अर्थ आला तो पुढे, आणि तो देणाऱ्यांकडे त्यासाठी सबळ कारणं होती. पण १८१८ चा शिपाई आणि १९२७ चा, महाडच्या तळ्यावर गेलेला कार्यकर्ता ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांना एकच करून टाकलं तर दोघांवरही अन्याय होतो.

## शिपायाला मिळत काय होतं?

गावगाड्यात महाराची कामं ठरलेली होती. वेशीवर राखण, सांगावा पोचवणं, अंमलदाराचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहणं, मेलेलं जनावर ओढणं. मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकरी. काम कधी संपलं म्हणायचं ते काम सांगणारा ठरवणार.

पलटणीत गेला की पहिल्यांदा हातात महिन्याचा रोख पगार यायचा. अंगावर सगळ्यांसारखाच गणवेश. कामाला हुद्दा. शिपायाचा नाईक, नाईकाचा हवालदार, पुढे जमादार, सुभेदार. सुभेदार म्हणजे देशी माणसाला तेव्हा मिळू शकणाऱ्या वरच्या हुद्द्यांपैकी एक. कितीही जुना सुभेदार असला तरी नव्याने आलेल्या गोऱ्या पोरसवदा अधिकाऱ्याच्या तो खालीच, हे खरं. पण आपल्या लोकांत त्याचा शब्द चालायचा. आणि नोकरी संपल्यावर पेन्शन.

या सगळ्यापेक्षा मोठी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे छावणीतली शाळा. शिपायांना आणि त्यांच्या पोरांना, मुलींनासुद्धा, तिथे लिहा-वाचायला शिकवलं जायचं. गावच्या शाळेत ज्या पोराला ओसरीवरही बसू देत नव्हते, ते पलटणीच्या शाळेत पाटी घेऊन बसायचं. रामजी मालोजी सकपाळ अशाच शाळेचे हेडमास्तर होते आणि हुद्द्याने सुभेदार. त्यांचे वडील लष्करात, सासरचं घराणंही लष्करातलं. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत त्यांना जो मुलगा झाला, त्याचं नाव भीमराव.

थोडक्यात, शिपाई राज्यावरच्या प्रेमापोटी गेला नव्हता. गावात जे कधीच मिळणार नव्हतं ते तिथे थोडंबहुत मिळत होतं, म्हणून गेला.

## मग दार बंद कसं झालं?

इथे एक बोजड शब्द एकदाच समजून घेऊ: 'लढाऊ जातींचा सिद्धांत'. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची फेरमांडणी सुरू केली. हळूहळू त्यांच्या अधिकाऱ्यांत असा समज पक्का झाला की काही जमाती रक्तानेच लढाऊ असतात आणि बाकीच्यांत तो गुण नसतो. शीख, गुरखे, पठाण, डोगरा हे लढाऊ. मद्रास आणि मुंबई इलाख्यातले बरेचसे बाद. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातला सरसेनापती होता आणि या मताचा कट्टर पुरस्कर्ता होता.

हे शास्त्र किती पोकळ होतं ते बघा. समजा, मुंबईच्या निवड समितीने वीस वर्षं डोंबिवलीच्या पोरांना नेटवर बोलावलंच नाही आणि मग अहवालात लिहिलं, 'डोंबिवलीत क्रिकेटचा वारसा दिसत नाही.' तसंच हे. युद्धं सरहद्दीकडे सरकली होती. दक्षिणेच्या पलटणी वर्षानुवर्षं छावणीत बसून होत्या. त्यांना लढाई मिळत नव्हती, आणि मग लढाई केली नाही म्हणून ते लढवय्ये नाहीत.

त्यात भर पडली ती जातवार मांडणीची. आधी एकाच कंपनीत सगळ्या जातींचे शिपाई मिसळलेले असायचे. नव्या पद्धतीत कंपन्या आणि पलटणी जातीनिहाय लावायच्या ठरल्या. मग ज्यांच्या शेजारी इतर बसायला तयार नाहीत, त्यांना कुठे बसवायचं? सोपा उपाय म्हणजे त्यांना घ्यायचंच नाही. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली.

इंग्रजाचा वंशवाद आणि आपला जातिवाद एकमेकांच्या किती सोयीचे होते, हे इथे दिसतं. गोऱ्या साहेबाने आपल्याकडची उतरंड घेतली, तिला शास्त्राचं नाव दिलं आणि सरकारी हुकूम म्हणून परत आपल्याच हातात ठेवली.

## मसूर, १९०१

भरती बंद झाली तेव्हा जे आत होते ते पेन्शन घेऊन बाहेर पडले. त्यांचं काय झालं, याचं एक चित्र बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

१९०१ चा उन्हाळा. रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात रोखपालाची नोकरी करत होते. सरकारने दुष्काळात तळं खोदण्याचं काम काढलं होतं, तिथे. मुलं साताऱ्याला. वडिलांनी सुट्टीत बोलावलं, म्हणून दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं निघाली. इंग्रजी धाटणीचे नवे सदरे, रेशीमकाठी धोतरं, टोप्या, नवे जोडे. सुभेदाराच्या घरची पोरं ती. आगगाडीने मसूरला उतरली. पत्र वेळेवर पोचलं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलेलं नव्हतं.

तासभर वाट बघितल्यावर स्टेशनमास्तर आला. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची पोरं वाटली होती. त्याने विचारलं, कोण तुम्ही? भीमरावाने पटकन सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहराच बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि वर अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. बरोबर जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी नव्हतं. वाटेत दिसलं ते शेणामुताने घाण झालेलं. रात्री जकातनाक्यावर पोचल्यावर कोणीतरी सुचवलं की मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमरावाने उर्दूत पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. पोरं भरलेला डबा शेजारी ठेवून उपाशी झोपली.

आता ८३ वर्षं मागे जा. भीमेकाठी दिवसभर तहानलेले ते शिपाई. तिथे पाणी आणि शिपाई यांच्यामध्ये शत्रूची फौज उभी होती. मसूरच्या रस्त्यावर कोणतीही फौज नव्हती. बाप ज्या राज्याचा सुभेदार होता त्याच राज्याचं ते स्टेशन, त्याच राज्याचा तो नाका. सुभेदाराचा हुद्दा छावणीच्या फाटकापर्यंतच चालत होता, हे त्या दहा वर्षांच्या पोराला त्या रात्री कळलं.

आजचं उदाहरण द्यायचं तर आपल्या सोसायटीचा वॉचमन बघा. रात्रभर तो आपली घरं राखतो. चोर आला तर पहिला वार त्याच्यावर. आणि जिन्याजवळ पाटी असते, 'नोकरांनी व डिलिव्हरी बॉयनी मुख्य लिफ्ट वापरू नये.' जिवाची जबाबदारी त्याच्यावर टाकायला आपल्याला काहीच वाटत नाही, पण लिफ्टमध्ये शेजारी उभा राहिला की अवघडतं.

## दार ठोठावणारे म्हातारे

एवढं सगळं सोसूनही या लोकांनी मागणी काय केली? आम्हाला पुन्हा फौजेत घ्या! हीच गोष्ट आजच्या वाचकाला सगळ्यात कोड्यात टाकते.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळविध्वंसक' काढला. म्हणजे जो माणूस विटाळ या कल्पनेवर प्रहार करत होता, तोच १८९४ च्या सुमारास भरती सुरू करा म्हणून अर्जाचा मसुदा करत होता. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली, आणि १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या परिषदेने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्या अर्जाचा सूर नम्र आहे: आम्हाला मोठे राजकीय हक्क नकोत, पोलिसातल्या आणि फौजेतल्या साध्या शिपायाच्या जागा तरी द्या. पण त्याच अर्जात आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी काय केलं याची आठवणही ठसठशीत आहे.

कोणाला ही गयावया वाटेल. मला ती वसुलीची नोटीस वाटते, फक्त भाषा त्या काळची. आमचं तुमच्याकडे येणं आहे, पावती कोरेगावच्या दगडावर आहे, तेव्हा हिशोब करा. अर्ज लिहिता आला तोसुद्धा पलटणीच्या शाळेमुळे. ज्यांना शिकवलं तेच विचारायला आले.

सरकारने काय केलं? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा अचानक लढाऊ-बिनलढाऊ हा भेद विरघळला आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, काटकसर सुरू झाली आणि १९२१ मध्ये ती मोडीत निघाली. दुसरं महायुद्ध आलं. बाबासाहेब तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा विषय लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सिद्धांत बदलला नव्हता, बंगालच्या उपसागरापलीकडे जपान जवळ येत होता. उत्तरेत १९४३ मध्ये चमार रेजिमेंटही उभारली, ती १९४६ मध्ये बरखास्त.

पाणीटंचाईतला टँकर बघा. मे महिन्यात त्याच्या मागे अख्खं गाव धावतं. जूनमध्ये पाऊस पडला की त्याचं बिल काढायलाही कोणाला सवड नसते.

## "महारांनी सौदा केला, आमच्या पुढाऱ्यांनी नाही"

हा आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकलेला आहे, म्हणून इथे घेतो. ऑगस्ट १९१८ मध्ये गांधीजी खेड्यात, म्हणजे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात, इंग्रजांसाठी शिपाई भरती करत गावोगाव पायपीट करत होते. टिळकांनी त्यांना ५० हजार रुपयांचा चेक पाठवला. अट अशी: हिंदी माणसाला फौजेत अधिकारपदं देण्याचं वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो. नाही दिली तर हे पैसे जप्त. गांधीजींना हा व्यवहार मान्य नव्हता, त्यांनी चेक परत केला.

टिळकांचं चुकलं असं मी म्हणत नाही. उलट त्यांनी मुद्दा अचूक पकडला होता. रक्त हवं तर हुद्दा द्या. कांबळ्यांचा अर्ज आणि टिळकांचा चेक यांची मागणी एकाच जातकुळीची होती. फरक इतकाच की एकाला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो आणि दुसऱ्याला लाचारी. सगळ्या हिंदुस्थानातून पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली. त्याची परतफेड १९१९ मध्ये रौलट कायद्याने आणि जालियनवाला बागेने झाली.

## हे फक्त आपल्याकडेच घडलं?

नाही. दोन ठिकाणं सांगतो, कारण तिथे आपल्याच गोष्टीची पानं फाटून पडल्यासारखी दिसतात.

सेनेगल ही फ्रान्सची वसाहत. १९१४ मध्ये ब्लेझ दियान्य फ्रेंच संसदेवर निवडून गेले, असे ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी. त्यांनी सौदा उघड केला: आमची माणसं घ्या, आम्हाला नागरिकत्व द्या. १९१६ मध्ये ते मिळालं, पण सेनेगलच्या चार जुन्या शहरांतल्या रहिवाशांपुरतं. १९१८ मध्ये त्यांनी साठ हजारांवर आफ्रिकी शिपाई भरती करून दिले. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला नागरिकत्व आलं नाही. पुढची पिढी दुसऱ्या महायुद्धात लढली, जर्मनांच्या कैदेत पडली, सुटून डाकारजवळच्या थियारोयच्या छावणीत आली आणि थकलेला पगार मागू लागली. १ डिसेंबर १९४४ ला फ्रेंच सैन्याने आपल्याच या शिपायांवर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा. इतिहासकार तो बराच मोठा मानतात. तिथे 'कत्तल' झाली हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलं २०२४ मध्ये.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि ती वाचताना मला दर वेळी मसूर आठवतं. आयझॅक वुडर्ड हा काळा सार्जंट. १२ फेब्रुवारी १९४६ ला फौजेतून मुक्त झाला आणि त्याच दिवशी, अंगावरच्या गणवेशानिशी, बसने घरी निघाला. वाटेत लघवीला थांबायचं म्हणून बसचालकाशी बोलाचाली झाली. साउथ कॅरोलायनातल्या एका गावी पोलिसांनी त्याला खाली उतरवून इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे गेले. पोलीसप्रमुखावर खटला झाला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. या प्रकरणाने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन हादरले. २६ जुलै १९४८ च्या हुकुमाने त्यांनी अमेरिकी फौजेतला वर्णभेद मोडायला घेतला. तोवर काळे आणि गोरे शिपाई वेगळ्या तुकड्यांतून, एकाच झेंड्याखाली मरत होते.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. गणवेशाने भेदभाव थांबला नाही. पण गणवेश घातलेल्या माणसाला तो मुकाट सोसणं जड जाऊ लागलं. ज्याने एकदा हुकूम दिला, पगार मोजून घेतला, दूरचा मुलूख पाहिला, त्याला 'तुझी जागा बाहेर' हे पटवणं अवघड होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लष्करभरती बंद झाल्याचा विषय मुद्दाम काढला, तेव्हा समोर कोकणातले पेन्शनर बसलेले होते. दुसऱ्या दिवशी हा जमाव चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेला. त्याच वर्षी १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी येऊन गेले होते.

## म्हणजे इंग्रज उपकारकर्ते ठरतात का?

हे समीकरण बाबासाहेबांनी स्वतःच मोडून टाकलं आहे. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत, इंग्रज मंत्र्यांच्या तोंडावर, त्यांनी हिशोब मांडला. तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? पोलिसात आणि फौजेत आज आम्हाला घेता का? दीडशे वर्षांत आमच्या जखमा तशाच उघड्या आहेत, असं सांगून त्यांनी जनतेचं राज्य मागितलं. कोरेगावला जाणारा आणि हे बोलणारा माणूस एकच. त्यात विसंगती दिसते ती 'इंग्रजांच्या बाजूचे' आणि 'देशाच्या बाजूचे' अशा दोनच रांगा लावणाऱ्याला.

कंपनीने जे दिलं ते गरजेपोटी दिलं आणि गरज संपताच काढून घेतलं. फक्त शिकवलेली अक्षरं तेवढी परत घेता आली नाहीत.

## आज जातीच्या नावाची पलटण कशाला?

प्रश्न रास्त आहे. जातीच्या, प्रांताच्या नावाच्या रेजिमेंट हा इंग्रजांचाच वारसा, आणि स्वतंत्र भारताने तो मोडला नाही, त्यात हळूहळू बदल केले. महार रेजिमेंट १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाली. फाळणीत तिच्या पलटणी पंजाबात निर्वासितांचे तांडे सुखरूप आणण्याच्या कामी होत्या. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात सगळ्या समाजांचे जवान असतात. १९८७ मध्ये श्रीलंकेत लढताना ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे. लष्करप्रमुख झालेले कृष्णराव आणि सुंदरजी हे दोघेही याच रेजिमेंटमधून आलेले. नाव जुनं राहिलं, आतली माणसं बदलली. नावही बदलावं का यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. पण जे नाव एकदा हुकूम काढून फौजेतून पुसलं गेलं होतं, ते पुन्हा पुसा म्हणायला माझी जीभ तरी रेटत नाही.

१९४१ मध्ये या रेजिमेंटच्या टोपीवर जे पहिलं चिन्ह आलं, त्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी कट्यार आली. इंग्रजांच्या विजयाची खूण स्वतंत्र देशाच्या टोपीवर नको, हे समजण्यासारखं आहे. मात्र १ जानेवारीला सकाळी पेरण्याला गेलात तर निवृत्त जवान छातीवर पदकं लावून, ओळीत उभे राहून स्तंभाला सलामी देताना दिसतात. सलामी झाली की त्यातले काही जण ओळीतून बाहेर पडतात, चौथऱ्याजवळ जातात आणि चष्मा सारखा करून एकेक नाव वाचू लागतात.